बाळ कोणापाशी आहे?



मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर स्क्रीनपासून लांब राहायला बजावलं, म्हणून मधे खंड पडला. वाचन बंद, लिहिणं बंद. उरलं काय, तर फोनवर बोलणं आणि डोक्यात विचार घोळवत बसणं. त्यातलाच एक विचार आज उतरवते आहे. विषय पाळणाघराचा आहे. "सत्तरी ओलांडल्यावर पाळणाघर कसलं, वृद्धाश्रमावर लिहा," असं आमच्या घरातलंच कोणीतरी म्हणेल, म्हणून आधीच सांगून टाकते. बत्तीस वर्षं शाळेत शिकवण्यात गेली, आणि शाळेचा नि पाळणाघराचा किती जवळचा संबंध आहे ते मी वर्गात उभं राहून पाहिलं आहे. पुढे येईलच ते.

तर माझी एक भाची न्यू जर्सीत एका डे-केअरमध्ये शिकवते. एकदा बोलता बोलता म्हणाली, "मावशी, आमच्याकडे येणाऱ्या काही मुलांची फी सरकार भरतं." मी आपलं मास्तरकीच्या सवयीने लगेच विचारलं, "कोणाची भरतं? कोणाची नाही? ठरवतं कोण?" मग पुढचे दोन-तीन रविवार आमचा तोच विषय चालू होता!

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. अमेरिकेत ह्यासाठी १९९० साली कायदा झाला आणि २०१४ साली तो बराच सुधारून पुन्हा मंजूर झाला. केंद्र सरकार राज्यांना पैसे देतं आणि राज्यं त्यातून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मुलं सांभाळण्याच्या खर्चाला मदत करतात. केंद्राने वरची रेषा आखून दिली आहे, ती म्हणजे त्या राज्यातल्या मधल्या उत्पन्नाच्या ८५ टक्के. (मधलं म्हणजे सरासरी नव्हे बरं का. सगळ्या कुटुंबांना उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधोमध जे येईल त्याचं उत्पन्न.) बहुतेक राज्यं आपली रेषा त्याच्याही खाली ठेवतात. आईवडील नोकरी करत असले पाहिजेत, किंवा शिकत असले पाहिजेत. अगदी कमी उत्पन्नाची कुटुंबं, अपंगत्व किंवा तसल्या काही अडचणी असलेली मुलं, आणि ज्यांना राहायला घरच नाही अशी मुलं, ह्यांना आधी घ्यावं असं कायदा सांगतो. पैसे मात्र मोजके. ते संपले की प्रतीक्षायादी. केंद्राच्या नियमाने पात्र ठरणाऱ्या दर सहा-सात मुलांमागे एखाद्यालाच प्रत्यक्ष मदत मिळते म्हणे. एवढ्या श्रीमंत देशात ही गत!

त्यातली एक गोष्ट मात्र मला फार आवडली. एकदा मदत मंजूर झाली की निदान बारा महिने ती तपासायला काढत नाहीत. मधे आईची नोकरी सुटली तरी दुसऱ्या दिवशी बाळाला घरी पाठवत नाहीत, दुसरी शोधायला तिला किमान तीन महिने तरी देतात. २०१४ च्या सुधारणेत हे आलं. नोकरी शोधायला जायचं तर बाळ कुठेतरी ठेवावं लागतंच, एवढं साधं गणित कोणीतरी केलं म्हणायचं.

फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं, तिकडे पहिला प्रश्न विचारतात तो "घरात किती पैसे येतात?" आपल्याकडे पहिला प्रश्न कोणता? डोळे जरा बरे झाल्यावर मुलाकडून लॅपटॉप मागून घेतला आणि बसले शोधत.

आपल्याकडे आधी आईच्या मालकाला विचारतात, "तुझ्याकडे माणसं किती?" १९४८ चा कारखान्यांचा कायदा घ्या. त्यात आधी पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर, असं होतं. १९७६ साली तो आकडा तीसवर आणला. इमारतींच्या बांधकामावरच्या मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला, त्यात पन्नासपेक्षा जास्त बायका. २०१७ साली बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची केली तेव्हा त्याच दुरुस्तीत आलं, की पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाऊ द्यावं. चांगलीच तरतूद आहे. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये जुने कामगार कायदे गुंडाळून चार नव्या संहिता लागू झाल्या, त्यातही पन्नासचा आकडा आहेच.

आता मला सांगा, पंचवीस बायका असलेल्या शिवणकामाच्या कारखान्यातल्या बाळाला भूक कमी लागते का? चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला मालक चार, पण प्रत्येकाकडे कामाला ती एकटीच. तिला ह्या जन्मात पन्नासचा आकडा कसा गाठता येणार? खुरपणीला जाणारी, विड्या वळणारी, भाजीची पाटी घेऊन बसणारी, ह्या कोणाच्या हजेरीपटावर आहेत? आपल्या देशात काम करणाऱ्या बहुसंख्य बायका ह्याच आहेत. म्हणजे जिची नोकरी मुळातच बऱ्यापैकी पक्की, तिच्या बाळाचा नंबर आधी. जिची नोकरीच धड नाही, तिच्या बाळाचा विचार नंतर, जमलं तर.

तशी सरकारची गरिबांसाठी वेगळी योजना होती. २००६ साली राजीव गांधींच्या नावाने राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू झाली. एका केंद्रात पंचवीस मुलं, आणि अट अशी की घरचं उत्पन्न महिना बारा हजारांच्या आत हवं. २०१७ साली तिचा खर्च केंद्र आणि राज्यांत वाटून टाकला. त्याच्या आधी, २०१४-१५ च्या सुमारास, देशभरात अशी वीस हजारांहून जास्त पाळणाघरं होती. २०२० पर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास उरली. एवढ्या वर्षांत आयांची संख्या काही कमी झाली नसेल.

पुढे २०२२ साली तीच योजना 'पाळणा' ह्या नावाने नव्याने आली. ह्या वेळी आई कुठे काम करते, नोकरी कसली, ह्यावर अडवायचं नाही असं धोरण ठेवलं, आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची कल्पना पुढे आली. कल्पना उत्तम आहे. अंगणवाडी सकाळचे काही तासच असते, आणि तीन वर्षांखालच्या बाळाला तिथून पोषण आहाराची पाकिटं घरी मिळतात पण बसायला जागा मिळत नाही. आठ तास कामावर असलेल्या आईने त्या पाकिटांचं करायचं काय, ती उघडून भरवायला घरी कोणीतरी हवं ना! म्हणून अंगणवाडीतच पाळणाघर झालं तर सोन्याहून पिवळं. पण देशात अंगणवाड्या जवळजवळ चौदा लाख, आणि अशी पाळणाघरं करायचं ठरवलं सतरा हजार. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी अंगणवाड्यांमागे एक.

इथे मला लिहावंसं वाटलं. दार सगळ्यांना उघडं केलं हे छानच, पण आत जागा पंचवीस. मग सव्विसाव्याला कोण नाही म्हणणार, आणि कशाच्या आधारावर? नियम केला नाही म्हणून रांग काही लागायची राहत नाही. ती लागतेच, आणि मग तिचा क्रम आपोआप ठरतो. जी पहिल्या दिवशी पोचली ती आधी. जिची नगरसेवकाशी ओळख आहे ती आधी. आणि जिच्याकडे कागद आहेत ती सगळ्यात आधी!

कागदांचं सांगते. आमच्याकडे पुण्यात कामाला येते तिला पावणेदोन वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. नवरा कधी असतो, कधी नसतो. कोणीतरी तिला एका पाळणाघराचा पत्ता दिला. ती गेली तर म्हणाले, कामाला जाता ह्याचा पुरावा आणा. मी आणि शेजारच्या वहिनींनी पत्रं लिहून दिली. मग म्हणाले, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणा. त्याला रेशनकार्ड लागतं, ते गावाला सासूच्या नावावर. भाड्याच्या खोलीचं लाइटबिल मालकाच्या नावावर, आणि मालक काही द्यायला तयार नाही. दोन दिवस खाडे झाले, दोन दिवसांचा पगार गेला (आमच्या घरचा नाही, पण बाकीच्या तीन घरांचा गेला), आणि शेवटी तिने नाद सोडला. आपण गरीब आहोत हे सिद्ध करायला जेवढे पैसे आणि जेवढा वेळ लागतो, तेवढा असता तर ती थोडी कमी गरीब नसती का? तिथल्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांना वरून फॉर्म आलेला, त्यातले रकाने त्या भरून घेतात.

पण त्या सगळ्या फॉर्ममध्ये एक रकाना कुठेच नव्हता. ते बाळ आत्ता, ह्या क्षणी, कोणापाशी आहे?

उत्तर होतं, नऊ वर्षांच्या बहिणीपाशी. आणि बहीण तिसरीच्या वर्गात असायला हवी होती.

ही बहीण मला नवी नाही हो. मी तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या एका गावात पाचवी ते दहावीच्या शाळेत होते. पाचवीला मराठी शिकवायचे. दरवर्षी वर्गात एखाद-दुसरी मुलगी अशी असायचीच, जी दप्तर एका खांद्याला आणि भाऊ दुसऱ्या कडेवर घेऊन यायची. आई खुरपणीला गेलेली, बाळ ठेवणार कुठे? आमचे मुख्याध्यापक भला माणूस, त्यांनी कानाडोळा केला. मी वर्गाच्या कोपऱ्यात घरून आणून एक गोधडी टाकून ठेवली होती. बाळ झोपलं तर बहिणीचं शिक्षण व्हायचं, जागं झालं तर ती बाहेर चिंचेखाली. बाळाने गोधडी ओली केली की सगळा वर्ग खिदळायचा आणि ती पोर मान खाली घालून पुसून काढायची. एकदा तपासणीला साहेब आले. गोधडीवरच्या बाळाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे पटावर आहे का?" आम्ही सगळे हसलो, साहेबही हसले. तपासणी पार पडली.

पण तो प्रश्न मला अजून आठवतो, कारण अख्खी यंत्रणा त्यात आली. बाळ पटावर नव्हतं, म्हणजे कोणाच्याच हिशेबात नव्हतं. मुलगी पटावर होती, पण दोन महिन्यांत बावीस दिवस हजर. हुशार होती. तेवीसचा पाढा घडाघडा म्हणायची, अक्षर असं की मी तिच्याकडून फळ्यावर सुविचार लिहून घ्यायचे. सहावीत ती आलीच नाही. आणि गंमत बघा, गोधडीवरचं ते बाळ पुढे आमच्याच शाळेत आलं, माझ्याच हाताखाली शिकलं आणि दहावी झालं. भावाचं दहावीपर्यंत झालं आणि त्याला कडेवर घेऊन फिरणारीचं पाचवीत थांबलं. शिक्षणहक्काचा कायदा २०१० पासून लागू आहे, सहा ते चौदा वर्षांच्या मुलीला शाळेचा हक्क त्याने दिला. पण तिच्या कडेवर जे दीड वर्षांचं आहे त्याला खाली ठेवायला जागा नसेल, तर तो हक्क ती वापरणार कशी?

ऊसतोडीचंही तेच. बीड, पाथर्डीकडची कुटुंबं दिवाळीच्या आसपास कारखान्यावर जातात ती थेट पाडव्याच्या सुमाराला परत येतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, उचल घेतलेली असते, आणि एक दिवस चुकला तर मुकादम खाडा लावतो. त्यामुळे बाळ तापाने फणफणलं तरी आई फडातच. शाळेच्या वयाच्या मुलांनी गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय केली गेली, ती चांगलीच. पण वसतिगृह घेतं शाळेतल्या मुलीला, आणि तान्हं तर आईबरोबर जाणारच. मग कोपीवर त्या तान्ह्याजवळ बसायला कोण? पुन्हा तीच. जेवायची-राहायची सोय असूनही मुलगी गावात का राहिली नाही, म्हणून आपण आईवडिलांना नावं ठेवतो. कारण त्यांनी वसतिगृह बघितलं नाही हे नव्हे. त्यांना बाळाची सोय दिसली नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पाळणाघराच्या जागा कमी आहेत तोवर, आणि त्या अजून बरीच वर्षं कमीच राहणार आहेत, फॉर्मवरचा पहिला प्रश्न बदला. उत्पन्न नंतर विचारा, आईचा मालक नंतर विचारा. आधी विचारा, "आई कामावर असते तेव्हा हे बाळ कोणापाशी असतं?" आणि उत्तराप्रमाणे क्रम लावा.

कोणापाशीच नाही, कडी लावून खोलीत असतं, असं उत्तर आलं तर त्या बाळाला त्याच दिवशी घ्या, कागद मागाहून येतील. आईबरोबर असतं, पण वीटभट्टीवर, खडीच्या ढिगाऱ्यावर, उसाच्या फडात, असं आलं तर ते त्याच्या बरोबरीने. मग शाळेच्या वयाच्या भावंडापाशी असणारं. इथे हिशेब सोपा आहे, एका पाळण्यात दोन मुलांचं कल्याण होतं. पंचवीसातल्या दहा जागा अशा बाळांना दिल्या तर दहा मुली शाळेत परत येतात, आणि त्यांच्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागत नाही. त्यानंतर आजारी किंवा थकलेल्या आजीपाशी असणारं. आणि सगळ्यात शेवटी धडधाकट आजी-आजोबा किंवा वडील घरी असणारं. दोन बाळं एकाच पायरीवर आली तर मग बघा ना उत्पन्न, बघा आई एकटी आहे का, बाळाला काही अपंगत्व आहे का. उत्पन्नाला मी विरोध करत नाही, फक्त त्याला पहिल्या बाकावरून दुसऱ्या बाकावर बसवते आहे.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांमध्ये काम करायला गेल्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं, ते आपल्याला पाठ असतं. पण त्यांनी तिथे केलं काय? मुलं शाळेत का येत नाहीत, ह्याचं कारण आधी शोधलं. मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटं आहे हे दिसलं, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तीच विकासवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शाळेत न येणाऱ्या मुलाच्या अंगणात शाळा नेली, आणि तो 'अंगणवाडी' शब्द आज देशभर चालतो. त्यांनी कोणाकडे तहसीलदाराचा दाखला मागितला असेल असं मला वाटत नाही!

तसंच १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मातीत लोळणारी मजुरांची मुलं पाहून मीरा महादेवन यांनी तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केलं, त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. मुंबईतही बांधकामांवर त्या धर्तीचं काम चालतं. तिथेही सुरुवात बाळ कुठे आहे ते बघण्यापासूनच झाली. सरकारलाही हे कधीच सुचलं नाही असं नाही हं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती, की कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला बसवायचं आणि तिला तेवढीच मजुरी द्यायची. बघा, इथे आया मोजल्या नाहीत, बाळं मोजली! प्रत्यक्षात ते किती ठिकाणी झालं हा भाग वेगळा, पण कागदावर का होईना, बाळ दिसलं होतं.

आता तुमचे आक्षेप. काही मला घरातच ऐकायला मिळाले आहेत.

मुलगा म्हणाला, "आई, लोक खोटं सांगतील. सगळेच म्हणतील, बाळ एकटं असतं." अरे, उत्पन्नाच्या दाखल्यात कोणी खोटं सांगत नाही का? बंगल्यात राहून गरिबीचे दाखले मिळवलेली माणसं आपण पाहिलेली आहेत. उलट, बाळ कोणापाशी आहे हे तपासणं त्यापेक्षा सोपं आहे. अंगणवाडी सेविका घरोघर जाते, तिला वस्तीतलं प्रत्येक मूल माहीत असतं. शाळेच्या हजेरीपटावर दिसतं की तिसरीतली मुलगी महिन्यात किती दिवस आली. सेविका आणि वर्गशिक्षिका ह्या दोघींनी सही केली की झाला पुरावा. त्यांना नवीन काम लावते आहे हे मला कळतं, आणि सेविकांना आधीच किती कामं आणि किती मानधन, तेही मला माहीत आहे. पण नाहीतरी त्यांना शंभर रजिस्टरं भरायला लावतातच. त्यातली दोन कमी करा नि हे एक द्या.

सूनबाईंचा आक्षेप जास्त वजनदार होता. ती म्हणाली, "मग ज्या घरात आजी मन लावून नातवंडं सांभाळते, त्या घराला तिच्या चांगुलपणाची शिक्षा का?" खरं आहे. आजीचे श्रम फुकट समजणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे, आणि मी स्वतः आजी आहे, तेव्हा मला ते चांगलं कळतं! म्हणून तर धडधाकट आजी आणि थकलेली आजी ह्यांना मी वेगळ्या पायऱ्यांवर ठेवलं. आणि क्रम कायमचा नसावा. वर्षातून एकदा पुन्हा विचारावं, आजी आजारी पडली तर मधेच विचारावं. पण आत घेतलेल्या बाळाला अमेरिकेसारखं निदान वर्षभर हलवू नये. पाळणाघरात रुळलेल्या बाळाला आठवड्याच्या नोटिशीवर बाहेर काढणं म्हणजे त्याच्या बहिणीचं दप्तर पुन्हा खुंटीला लावणं.

तिसरा आक्षेप आमच्या एका जुन्या सहकारी बाईंचा. "क्रम कसले लावतेस? सगळ्यांना मिळालंच पाहिजे, तेच मागूया." मागूया की! मी पहिली सही करीन. पण तोवरचं काय? शाळेत पुस्तकं कमी आली की आम्ही काय करायचो? सगळ्यांना मिळेपर्यंत कपाटात कुलूप लावून ठेवायचो का? ज्याच्या घरी जुनंही पुस्तक नाही त्याला आधी द्यायचो, आणि वर आणखी मागणी पाठवायचो. दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात. शिवाय हा प्रश्न विचारत गेलं तर आणखी एक फायदा आहे. नाकारलेल्या प्रत्येक अर्जावर कारण लिहिलेलं असेल. अमुक वस्तीत चाळीस बाळं बहिणींपाशी आहेत, अमुक वस्तीत अकरा बाळं कुलपात आहेत. हे आकडे हातात असले म्हणजे दुसरं पाळणाघर कुठे काढायचं त्याचं उत्तर तिथेच मिळतं. आज आपल्याकडे नाकारलेल्यांची फक्त संख्या असते, तीही असली तर.

आपल्याकडे म्हणतात, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. ही म्हण सरकारी कामात शंभर टक्के खरी आहे. जी रडू शकते, म्हणजे अर्ज लिहू शकते, चकरा मारू शकते, साहेबांशी बोलू शकते, तिला मिळतं. नऊ वर्षांच्या मुलीला अर्ज करता येत नाही आणि पावणेदोन वर्षांच्या बाळाचं रडणं बंद दाराबाहेर कोणाला ऐकू जात नाही. म्हणून विचारायला आपण जायला हवं, त्यांनी सांगत येण्याची वाट बघून चालणार नाही.

तुमच्यापैकी जे सोसायट्यांच्या कमिट्यांवर आहेत त्यांना एक सुचवते. बहुतेक सोसायट्यांत क्लबहाऊस दुपारी रिकामं असतं. तिथे कामाला येणाऱ्या बायकांच्या बाळांसाठी एक खोली, एक सांभाळणारी आणि थोडं वर्गणीचं गणित, एवढं जमण्यासारखं आहे. पन्नास बायका तर एका मोठ्या सोसायटीतच रोज येतात, फक्त त्या कोणा एकाच्या नोकर नसतात म्हणून कायदा त्यांना मोजत नाही. आपण मोजायला काय हरकत आहे? आमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी हा विषय मांडणार आहे. विरोध होईल तो अर्थातच पार्किंगवाल्यांचा, त्यांचा प्रत्येक गोष्टीला असतो.

आमच्याकडच्या मुलीचं काय झालं असं विचाराल. अजून काही झालेलं नाही. सध्या बाळ सकाळी दोन तास आमच्याकडे असतं आणि बहीण तेवढे दोन तास शाळेत जाते. दोन तासांच्या शाळेला शाळा म्हणत नाहीत, हे शिक्षिका म्हणून मला सांगायला नको.

असो. डोळे दुखायला लागले, थांबते. पटलं नसेल तर जरूर लिहा, पटलं असेल तर आपापल्या कमिटीत बोला. आणि अमेरिकेतल्या भाचीबाई, माझ्या सांगण्यात काही चुकलं असेल तर रविवारी फोनवर कान धर, इथे सगळ्यांसमोर नको!